शोल्डर प्रेस : कोणता, कोणी आणि कसा?

नाशिक जिल्ह्यात हात डोक्याच्या वर नेऊन करायच्या कामांना तोटा नाही. दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, त्यानंतरची विरळणी आणि घडांचं डिपिंग ही सगळी कामं मांडवाखाली हात वर धरूनच होतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे 20 किलोचे क्रेट पिकअपमध्ये थरावर थर चढवायचे असतात. सातपूर, अंबडच्या कारखान्यांत कित्येकांची पाळी मान वर करून, हात उंचावूनच जाते. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलांना 7.260 किलोचा आणि मुलींना 4 किलोचा गोळा खांद्यापासून ढकलायचा असतो. एवढं असूनही जिममध्ये खांद्याचा व्यायाम म्हटलं की बहुतेक जण शेजारचा करतो तोच प्रकार उचलतात आणि दोन-तीन महिन्यांनी खांदा धरून बसतात.

वजन खांद्यापासून डोक्यावर ढकलण्याच्या व्यायामाला आपण सरसकट शोल्डर प्रेस म्हणतो. त्याचे प्रकार डझनभर आहेत आणि प्रत्येकाचे भक्तही. निवड करायची तर वजनाचा विचार थोडा बाजूला ठेवा. कंबर न वाकवता तुमचा हात कानाशेजारी सरळ उभा जातो का, हे आधी पाहा. जात असेल तर बहुतेक सगळे प्रकार तुम्हाला खुले आहेत. जात नसेल तर तुमची सुरुवात वेगळ्या प्रकाराने व्हायला हवी.

खांद्यात नेमकं काय घडतं?

दंडाच्या हाडाचा गोल माथा ज्या खोबणीत बसतो ती फार उथळ असते. बशीत लिंबू ठेवावं तसा तो तिथे टेकलेला असतो. म्हणून खांदा शरीरातल्या इतर कुठल्याही सांध्यापेक्षा जास्त दिशांना फिरतो, आणि म्हणूनच दुखावतोही लवकर. माथा जागेवर धरून ठेवण्याचं काम रोटेटर कफ नावाचे चार लहान स्नायू करतात. बाहेरून जो गोलवा दिसतो तो डेल्टॉइड स्नायूचा. त्याचे पुढचा, मधला आणि मागचा असे तीन भाग आहेत.

हात खालून थेट डोक्यावर जाताना 180 अंशांचा प्रवास करतो. त्यातले साधारण 120 अंश प्रत्यक्ष सांध्यातून येतात आणि उरलेले 60 अंश पाठीवरचा फरा, म्हणजे ते चपटं त्रिकोणी हाड, वर फिरल्यामुळे मिळतात. दिवसभर दुचाकीवर, संगणकापुढे किंवा मोबाइलवर वाकून बसणाऱ्याची पाठ वरच्या बाजूला गोल होते आणि फरा मोकळा फिरेनासा होतो. मग हात वर नेण्यासाठी शरीर उरलेले अंश कमरेतून चोरतं. प्रेस केल्यावर कंबर दुखते अशी तक्रार करणाऱ्यांची अडचण बहुधा इथे असते.

कोणत्याही प्रेसमध्ये सर्वाधिक काम डेल्टॉइडच्या पुढच्या भागाला होतं, त्याखालोखाल मधल्या भागाला आणि ट्रायसेप्सला. मागच्या भागाला जवळपास काहीच मिळत नाही. आठवड्याची आखणी करताना हे लागणार आहे.

भिंतीपाशी पाच मिनिटं

भिंतीला पाठ टेकून उभे राहा. पाय भिंतीपासून वीतभर पुढे. डोकं, पाठ आणि कंबर भिंतीला लागलेली ठेवा. आता कोपर सरळ ठेवून, अंगठे भिंतीच्या दिशेने करून दोन्ही हात समोरून वर न्या. कंबर भिंतीवरून न सुटता अंगठे भिंतीला लागले, तर डोक्यावर सरळ वजन नेण्याइतका तुमचा खांदा मोकळा आहे. कंबर सुटली, कोपर वाकलं किंवा हात कपाळापुढेच अडला, तर तूर्त रॉड डोक्यावर नेऊ नका.

हात बाजूने वर नेतानाही एकदा पाहा. साधारण 60 ते 120 अंशांच्या टप्प्यात टोचल्यासारखी कळ येत असेल तर रोटेटर कफवर ताण आलेला असू शकतो. अशा वेळी जिमच्या ट्रेनरआधी अस्थिरोगतज्ज्ञाला किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा.

उभ्याने रॉड : सगळ्यांचा पाया

मिलिटरी प्रेस म्हणून ओळखला जाणारा हा प्रकार. रॉड कॉलरबोनजवळ, खांद्याच्या पुढच्या भागावर. पकड खांद्यांपेक्षा किंचित रुंद, म्हणजे समोरून पाहिलं तर कोपरापासून मनगटापर्यंतचा हात उभा दिसला पाहिजे. कोपरं रॉडच्या थोडी पुढे. मनगट मागे मुडपू द्यायचं नाही. रॉड तळहाताच्या खालच्या भागावर, हाडाच्या रेषेत बसवायचा. पाय कमरेइतके रुंद, मांड्या आणि नितंब घट्ट, पोट आवळलेलं.

श्वास घ्या, रॉड सरळ वर ढकला. तो चेहऱ्याशेजारून जाताना हनुवटी थोडी मागे घ्या आणि कपाळ ओलांडताच डोकं पुन्हा हातांच्या मध्ये आणा. शेवटी रॉड पावलाच्या मध्यावर, कानांच्या रेषेत. तिथे खांदे वर उचलून घ्या, म्हणजे फरा पूर्ण फिरतो. श्वास सोडा आणि रॉड घाई न करता खाली आणा.

या प्रकाराचा इतिहास एक गोष्ट चांगली शिकवतो. 1928 ते 1972 या काळात ऑलिंपिकच्या वेटलिफ्टिंगमध्ये प्रेस, स्नॅच आणि क्लीन अँड जर्क असे तीन प्रकार असत. सोव्हिएत संघाच्या वासिली अलेक्सेयेवने 1972 मध्ये प्रेसमध्ये 236.5 किलो उचलले. पण तोवर खेळाडू वजन ढकलताना इतके मागे झुकू लागले होते की नियमात काय बसतं आणि काय नाही हे पंचांना ठरवता येईना, आणि त्या कमरांचं काय होणार ही काळजी वेगळीच. म्युनिक ऑलिंपिकनंतर प्रेस स्पर्धेतून काढून टाकला गेला. मागे झुकलं की वजन वाढतं, कारण छातीचा वरचा भाग मदतीला येतो. त्याची किंमत कंबर देते. तुमच्या जिमच्या आरशात बाजूने पाहा. बरगड्या पुढे आलेल्या दिसल्या तर वजन जास्त आहे.

उभ्याने रॉडचा मोठा फायदा म्हणजे वजन मोजूनमापून वाढवता येतं आणि पायापासून मनगटापर्यंत सगळं शरीर एकत्र काम करायला शिकतं. भिंतीची परीक्षा पास झालेल्या, पाठीचा त्रास नसलेल्या तरुणाने हाच मुख्य व्यायाम धरावा.

डंबेल : उभ्याने की बसून?

डंबेलमध्ये दोन्ही हात मोकळे असतात. मनगटाचा आणि कोपराचा कोन प्रत्येकाच्या सांध्याप्रमाणे ठरतो, त्यामुळे रॉडने खांदा टोचणाऱ्या अनेकांना डंबेल चालतात. तळहात समोर ठेवण्याऐवजी थोडे आतल्या बाजूला वळवले आणि कोपरं अंगाच्या अगदी रेषेत न ठेवता जराशी पुढे आणली, की बऱ्याच जणांना आणखी आराम पडतो. उजव्या-डाव्या हाताच्या ताकदीतला फरकही लगेच उघडा पडतो.

2013 मध्ये नॉर्वेच्या संशोधकांनी उभ्याने आणि बसून, रॉडने आणि डंबेलने असे चार प्रकार ताकदीचा व्यायाम करणाऱ्या तरुणांकडून करवून घेतले आणि स्नायूंची विद्युत हालचाल मोजली. वजन सर्वांत कमी उचललं गेलं ते उभ्याने डंबेलमध्ये, आणि डेल्टॉइडची हालचाल सर्वाधिक दिसली तीही त्यातच. तोल सांभाळण्याचं काम वाढलं की वजन घटतं आणि खांद्याच्या स्नायूंवरचा भार वाढतो, असा त्याचा सरळ अर्थ. म्हणून आकड्याच्या मागे लागलेल्यांना उभ्याने डंबेल कमीपणाचे वाटतात, तरी खांद्याला मात्र ते पुरेपूर काम देतात.

बसून करायचं असेल तर बाकाची पाठ अगदी 90 अंशांत न ठेवता एक खाच मागे घ्या. पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर. जड डंबेल खांद्यावर नेताना ते मांड्यांवर ठेवून एकेका गुडघ्याच्या धक्क्याने वर घ्या. खाली वाकून झटक्यात उचलताना खांदा दुखावण्याची भीती जास्त. स्नायू वाढवण्यासाठी जास्त रेप (आवर्तनं) करायचे असतील, किंवा पाय-कंबर आधीच थकलेली असेल, तेव्हा बसून केलेला प्रेस सोयीचा.

मशीन आणि स्मिथ मशीन

मशीनवर वजनाचा मार्ग ठरलेला असतो, तोल सांभाळावा लागत नाही. नवख्याला, वयस्कर माणसाला किंवा मुख्य व्यायामानंतर शेवटचे दोन सेट काढणाऱ्याला ते ठीक. मात्र ठरलेला मार्ग तुमच्या सांध्याच्या मार्गाशी जुळला पाहिजे. आसनाची उंची अशी घ्या की सुरुवातीला मुठी कानाच्या पाळीच्या आसपास येतील. मशीनवर 60 किलो निघतात म्हणून रॉडवर तेवढेच लावायला जाऊ नका.

पुश प्रेस : भरतीवाल्यांसाठी

गुडघे किंचित वाकवून झटक्यात सरळ करायचे आणि पायांच्या त्या जोरावर रॉड वर पाठवायचा. साध्या प्रेसपेक्षा यात बरंच जास्त वजन जातं. गोळाफेकीत जोर जमिनीतून पायात, कमरेत आणि शेवटी हातात येतो. पुश प्रेस नेमकी तीच साखळी घडवतो. नाशिकच्या हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर भरतीचा सराव करणाऱ्या मुलांनी नुसता हात बळकट करण्यापेक्षा हा प्रकार शिकून घ्यावा. त्यासाठी आधी किमान दोन महिने साधा प्रेस नीट जमलेला हवा. तीन ते पाच रेपचे लहान सेट करा. दम लागल्यावर गुडघ्यांची वेळ चुकते आणि रॉड मानेवर आदळतो.

लँडमाइन : हात वर न जाणाऱ्यांसाठी

रॉडचं एक टोक भिंतीच्या कोपऱ्यात जुन्या पोत्यात गुंडाळून टेकवा, दुसऱ्या टोकाला प्लेट लावा आणि ते टोक खांद्यासमोरून तिरकं वर ढकला. हात पूर्ण डोक्यावर जात नाही, समोरून वर जातो. फरा मात्र मोकळा फिरतो आणि खांद्याचं कामही होतं. भिंतीच्या परीक्षेत अडलेल्यांनी, चाळिशी-पन्नाशीत पुन्हा व्यायाम सुरू करणाऱ्यांनी इथून सुरुवात करावी. एक गुडघा जमिनीवर टेकून, त्याच बाजूच्या हाताने केला तर कमरेला मागे वाकायची मुभाच राहत नाही. गोळ्याची दिशाही अशीच तिरकी वर असते, त्यामुळे भरतीच्या तयारीतही याला जागा आहे.

उरलेले प्रकार थोडक्यात

अर्नोल्ड श्वार्झनेगरच्या नावाचा अर्नोल्ड प्रेस तळहात स्वतःकडे ठेवून सुरू होतो आणि वर जाताना तळहात बाहेर वळतात. हलक्या डंबेलने, दहा-बारा रेपसाठी चांगला. जड वजनाला हा वळसा सोसत नाही. लिथुआनियाचा बलाढ्य खेळाडू झीड्रूनास सावित्स्कस याच्या नावावरून ओळखला जाणारा झी प्रेस जमिनीवर पाय पसरून बसून करतात. पाठीला आधार नाही, पायांची मदत नाही. चोरी करायला वावच उरत नाही. मांडीमागचे स्नायू आखडलेल्यांना नुसतं तसं बसणंही जड जातं, त्यामुळे हा पुढच्या टप्प्याचा व्यायाम.

मानेमागून रॉड नेण्याचा प्रकार जुन्या जिममध्ये अजून दिसतो. त्यात दंड बाजूला आणि पूर्ण मागे वळलेला, मान पुढे वाकलेली आणि वरून वजन. ज्यांचा खांदा लहानपणापासून जिम्नॅस्टिक्स किंवा मलखांबाने मोकळा राहिला आहे अशा थोड्यांना तो सोसतो. बाकीच्यांनी तो सोडला तर काहीच बिघडत नाही, कारण तो जे देतो ते डंबेलनेही मिळतं.

जिम नसेल तर पाइक पुश-अप करा. हात आणि पाय जमिनीवर, कंबर उंच, शरीराचा उलटा व्ही. डोकं हातांच्या थोडं पुढे जमिनीकडे न्या आणि ढकलून परत या. दहा रेप सहज जमू लागले की पाय पायरीवर किंवा ओट्यावर ठेवा. गावातल्या तालमीत मुद्गल, करेला किंवा गदा असेल तर प्रेसच्या आधी हलक्या वजनाने फिरवून घ्या. ते प्रेसची जागा घेत नाहीत, पण खांदा उघडायला त्यांच्यासारखं साधन नाही.

ढकलाल तेवढं ओढा

मलखांबाला पुन्हा वैभव मिळवून देणारे, दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरी असलेले बाळंभटदादा देवधर हे नाशिक जिल्ह्यातल्या कोठुऱ्याचे. मलखांबात खेळाडू स्वतःचं वजन सतत ओढत, लटकत, आवळत असतो. आजच्या जिममध्ये नेमकं हेच कमी झालं आहे. आरशात दिसणारे छाती आणि खांद्याचे व्यायाम आठवड्यातून तीनदा, पाठीचे एकदा. खांदे पुढे ओढले जातात, फरा अडकतो आणि प्रेस बिघडतो.

सोपा नियम पाळा: प्रेसच्या प्रत्येक सेटमागे ओढण्याचा किमान एक सेट. डंबेल रो, पुल-अप, केबल चेहऱ्याकडे ओढायचा फेस पुल, काहीही चालेल. पुल-अप जमत नसतील तर दांड्याला नुसते अर्धा मिनिट लटका. डेल्टॉइडचा उपाशी राहिलेला मागचा भाग यातूनच भरतो.

आठवड्याची आखणी

प्रेससाठी आठवड्यातले दोन दिवस पुरे, मध्ये किमान दोन दिवसांचं अंतर. पहिल्या दिवशी उभ्याने रॉड, पाच ते आठ रेपचे चार सेट. दुसऱ्या दिवशी डंबेल किंवा लँडमाइन, आठ ते बारा रेपचे तीन सेट. शेवटच्या रेपनंतर आणखी एक-दोन निघाले असते असं वाटायला हवं; दर सेटला हात थरथरेपर्यंत जाण्याची गरज नाही.

वजन वाढवण्याची गोम इथे आहे. बहुतेक जिममध्ये सगळ्यात लहान प्लेट अडीच किलोची असते. दोन्ही बाजूंना लावली की एकदम 5 किलो वाढतात. स्क्वॉटमध्ये ते जाणवत नाहीत, पण 30 किलोचा प्रेस करणाऱ्याला ती सहाव्या हिश्शाची उडी होते. म्हणून आधी त्याच वजनावर पाचाचे आठ रेप करा, चारही सेटमध्ये आठ निघाले की मगच प्लेट वाढवा आणि पुन्हा पाचापासून सुरू करा. सव्वा किलोच्या प्लेटची जोडी स्वतःची घेऊन ठेवली तर आणखी उत्तम. पुरुषांचा ऑलिंपिक रॉड 20 किलोचा आणि महिलांचा 15 किलोचा असतो, मात्र गल्लीतल्या जिमचे रॉड बरेचदा त्याहून हलके असतात. एकदा काट्यावर ठेवून पाहा, म्हणजे वहीतले आकडे खरे राहतील.

थंडीत सुरुवातीचा वेळ वाढवा. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव वारंवार येतं; अशा पहाटे थेट रॉडखाली जाऊ नका. दहा मिनिटं चालणं, हात फिरवणं, मग नुसत्या रॉडचे दोन सेट, मग वजन.

बागेत काम करणाऱ्यांनी हंगाम पाहून व्यायाम ठरवावा. छाटणी आणि विरळणीच्या दिवसांत खांदा तासन् तास वर धरलेला असतो. त्या आठवड्यांत प्रेस एकदाच आणि हलका ठेवा, ओढण्याचे व्यायाम चालू ठेवा. कामाला उसंत मिळाली की वजन वाढवायला घ्या. पुढच्या छाटणीला हात उशिरा भरून येतील, हा त्याचा खरा फायदा.

कुठे थांबायचं?

स्नायू भरून येणं आणि सांधा टोचणं यातला फरक ओळखा. पहिलं दंडाच्या मांसात पसरलेलं, एक-दोन दिवसांत जाणारं. दुसरं एका बोटाने दाखवता येईल असं, ठरावीक कोनात उमटणारं. रात्री त्या कुशीवर झोपता येत नसेल, हात वर नेण्याची ताकदच गेली असेल, बोटांना मुंग्या येत असतील, तर वजन बंद आणि डॉक्टरांकडे. चाळिशी ओलांडलेल्यांचा, विशेषतः मधुमेह असलेल्यांचा खांदा हळूहळू सगळ्या बाजूंनी आखडत चालला असेल तर तो फ्रोझन शोल्डर असू शकतो. त्यावर प्रेसचा जोर लावून काही साधत नाही. रक्तदाब असेल तर श्वास कोंडून वजन ढकलू नका आणि सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. छातीत दाब येऊन डावा हात दुखू लागला तर तो खांद्याचा प्रश्न समजून तेल चोळत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.

निवड झाली की ती बदलण्याची घाईही नको. एक मुख्य प्रेस आणि एक सहायक, एवढंच घेऊन आठ आठवडे काढा, प्रत्येक सेट वहीत लिहा. आठ आठवड्यांनी भिंतीची परीक्षा पुन्हा द्या. अंगठे भिंतीच्या जवळ आले असतील आणि वहीतला आकडा वाढला असेल तर तोच प्रकार पुढे चालू ठेवा. आकडा वाढला पण हात आधीपेक्षा कमी वर जात असेल, तर वजन कमी करून ओढण्याचे सेट दुप्पट करा. आणि दोन्ही जागच्या जागी असतील, तर प्रकार बदलण्याआधी झोप, जेवण आणि दोन दिवसांतलं अंतर तपासा. चूक बहुतेक वेळा तिथेच सापडते.